जुन्या घराचा कठडा



नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, ही तोरेची आज्ञा (देवारीम २२:८) आपणांस ठाऊक आहे. पण घर जुने असेल तर?

२६ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वीज गेलेले एक मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. १९७७ साली खुला झालेला हा महामार्गाचा पूल काही क्षणांत नदीत कोसळला. जहाजावरून इशारा मिळताच पोलिसांनी वाहने थांबविली, म्हणून अनेक जीव वाचले. परंतु पुलावर खड्डे बुजविणारे सहा मजूर मेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर येथून पोटासाठी आलेली ही माणसे. परमुलखातील कष्ट काय असतात, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

आता तेथे नवा, अधिक उंच पूल व्हावयाचा आहे. जहाजाचा धक्का सोसण्याची सोय खांबांभोवती असेल. नोव्हेंबर २०२५ मधील अंदाजाप्रमाणे खर्च ४.३ ते ५.२ अब्ज डॉलर आहे.

तथापि हा धडा नवा नव्हता. १९८० साली फ्लोरिडातील सनशाईन स्कायवे पूल असाच जहाजाच्या धडकेने पडला व ३५ माणसे मेली. १९८७ साली तेथे नवा पूल झाला, त्याच्या खांबांना संरक्षण दिले. १९९४ पासून प्रत्येक नवा पूल बांधताना हा धोका मोजण्याचे बंधन आले. जुन्या पुलांना मात्र ते नव्हते. बाल्टिमोरच्या पुलाचा धोका मान्य मर्यादेच्या सुमारे ३० पट होता, असे सरकारी तपासात मार्च २०२५ मध्ये निघाले. तो हिशेब आधी करता आला असता; कोणी केला नाही.

कायदा मोडला नाही, मग दोष कोणाचा? आपल्या रब्बींनी हाच प्रश्न विचारला होता. घर बांधले नाही, विकत घेतले किंवा वारशाने मिळाले, तर कठड्याची आज्ञा सुटते काय? त्यांनी उत्तर दिले, सुटत नाही. रांबाम यांनी तर विहिरीपासून प्रत्येक जीवघेण्या जागेला ती आज्ञा लावली. म्हणजे जबाबदारी बांधणाऱ्यापाशी संपत नाही. ती वापरणाऱ्याकडे, सांभाळणाऱ्याकडे चालत येते.

त्याच तपासात १९ राज्यांतील ६८ जुन्या पुलांचा धोका मोजण्यास सांगितले आहे. आमच्या मते खरी पुनर्बांधणी तेथे आहे. कारण नवा पूल हा माणसे पडल्यावर घातलेला कठडा होय.

आपणही वाडवडिलांची घरे, मशिदी, संस्था वारशाने घेतल्या आहेत. त्यांच्या गच्चीवर एकदा चढून पाहू या.