समान वागणूक हाच न्याय काय?

कॅनडांत हिवाळ्यांत कुंडींतील माती मुळांसकट गोठते. म्हणून माळी सुगंधी रोपें आंत घेतो. परंतु सर्वांस एकच नियम लावावा काय? तुळशीच्या जातीची बेसिल हिमानें मरते. तिला ऊब पाहिजे. रोझमेरीस थंड पण उजेडाची जागा व बेताचें पाणी पुरे. ममतेनें फार पाणी घातल्यास तिचीं मुळें कुजतात. पुदिना वरून वाळतो, तरी मुळांत जिवंत असतो. थंड कोठडींतील विसावाच त्यास हितकर. तो मेला म्हणून फेकणारा उतावळेपणानें निवाडा करितो.

वाचकहो, तिघांस मोजून सारखेंच देणारा निःपक्षपाती दिसेल, परंतु घात करील. घरांतील बालक, रोगी व वृद्ध यांविषयींही असेंच आहे. प्रत्येकाची गरज ओळखून देणें, व प्रसंगीं हात आवरणें, हाच न्याय होय.