लेप, गंध आणि अर्थशौच : वाहनपूजेतील शुद्धीचा विचार

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत विजयादशमीला घरोघरी वाहनाची पूजा होते, आणि त्या पूजेआधी वाहन धुऊन पुसून चकचकीत करण्याचा जो प्रघात आहे त्याकडे केवळ पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. धर्मविचाराच्या दृष्टीने मात्र ही पूर्वतयारी इतकी साधी नाही. कारण वाहन धुणारा मनुष्य एकाच वेळी मळ काढत असतो, शोभा आणत असतो आणि ते वाहन पूजेला योग्य करत असतो. ही तीन कार्ये एकच आहेत की परस्परांहून भिन्न, आणि भिन्न असतील तर पाणी, श्रम आणि वेळ यांपैकी कोणावर किती खर्च करणे धर्म्य ठरते, हा येथील विचाराचा विषय आहे.

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रांची आणि उपजीविकेच्या साधनांची पूजा करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. कोयता, विळा, नांगराचा फाळ, करवत यांच्या रांगेत पुढे मोटारसायकल, रिक्षा, पिकअप आणि घरची मोटार येऊन बसली आणि बहुतेक ठिकाणी वाहनाची पूजा दसऱ्याच्या दिवशी होऊ लागली. दसरा येतो तेव्हा या भागात पाऊस नुकताच सरलेला असतो, हळव्या भाताची कापणी तोंडावर आलेली असते, आणि चार महिन्यांचा चिखल चाकांवरच्या मडगार्डांच्या आतल्या बाजूला वाळून कडक झालेला असतो. जो आसनगाव किंवा खर्डी स्थानकाबाहेर प्रवासी गाडी चालवतो, किंवा सरळगावहून मुरबाडमार्गे भाजीपाला कल्याणला नेतो, त्याला सणाच्या सकाळी स्वतःच्या गाडीसाठी फार तर तास-दीड तास मिळतो.

कर्माचे स्वरूप ठरवण्याची सर्वांत काटेकोर पद्धत पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, घालून दिली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास यागात पुरोडाशासाठी, म्हणजे आहुती द्यावयाच्या पिठाच्या रोटासाठी, जे भात घेतले जाते ते कांडले जाते आणि त्याच्यावर पाणीही शिंपडले जाते. कांडण्याचे फळ डोळ्यांना दिसते, कारण तूस निघून तांदूळ मोकळा होतो. शिंपडण्याचे, म्हणजे प्रोक्षणाचे, फळ दिसत नाही, म्हणून तेथे एक अदृष्ट योग्यता उत्पन्न होते असे मीमांसक मानतात. पण त्याबरोबरच ते एक मर्यादाही घालतात: जेथे दिसणारे प्रयोजन सापडते तेथे न दिसणारे कल्पू नये. हा विवेक वाहनाला लावला असता असे दिसते की गाडी धुणे हे कांडण्याच्या जातीचे कर्म आहे, त्याचे फळ मळ निघणे एवढेच, आणि मळ निघाला की ते कर्म संपते. तर पूजेच्या आरंभी पळीभर पाणी घेऊन दर्भाने किंवा फुलाने गाडीवर शिंपडणे हे प्रोक्षण आहे, आणि त्याला काही थेंबांपलीकडे पाणी लागतच नाही. गोंधळ होतो तो या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे. प्रोक्षणाची अदृष्ट पवित्रता नकळत धुण्यावर चढवली जाते, आणि जितके पाणी अधिक तितकी शुद्धी अधिक अशी समजूत बळावते, जिला मीमांसेचा कोणताही आधार नाही.

धुण्याची मर्यादा कोणती, याचेही उत्तर धर्मशास्त्रात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धी, म्हणजे वस्तूंच्या शुद्धीचे प्रकरण, येते. मनुस्मृती तांबे, लोखंड, कासे यांसाठी क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी यांपैकी ज्याला जे योग्य ते वापरावयास सांगते. धान्य आणि वस्त्रे थोडी असतील तर धुवावीत, पुष्कळ असतील तर प्रोक्षण पुरेसे आहे, असा भेदही करते. आणि सर्व द्रव्यांना लागू पडणारा नियम असा देते की अशुद्ध पदार्थाचा लेप आणि गंध जाईपर्यंत माती व पाणी वापरावे. या नियमात मापाचे पात्र सांगितलेले नाही, थांबण्याची खूण सांगितलेली आहे, आणि ती खूण हात व नाक यांना कळणारी आहे.

प्रत्यक्ष कृती पाहिली तर हा नियम किती व्यवहार्य आहे ते ध्यानात येते. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी लागते, अन्यथा शॅम्पूचे पाणी वाळून डाग राहतात. आधी मगाने पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यावी लागते, कारण कोरड्या धुळीवर फडके फिरवले की तीच धूळ रंगावर जाळीसारखे बारीक ओरखडे उठवते. मग टपापासून खाली येत काचा, बॉनेट, दरवाजे, आणि अगदी शेवटी चाके. दोन बादल्या घेतल्या, एकीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळण्याचे साधे पाणी, तर दुसऱ्या बादलीच्या तळाशी काही वेळाने तांबूस वाळूचा थर बसलेला दिसतो. तो थर म्हणजेच स्मृतीच्या भाषेतला लेप, जो फडक्याला चिकटून पुन्हा रंगावर गेला असता. एवढ्या कामाला साधारण 30 ते 40 लिटर पाणी पुरते. नळी सोडून ठेवली तर दहा मिनिटांत 100 लिटरांच्या वर पाणी अंगणात जाते, आणि जलजीवन मिशनने 2019 मध्ये ग्रामीण भागासाठी ठरवलेले माप माणशी दिवसाला 55 लिटरांचे आहे, म्हणजे ते पाणी दोन माणसांच्या दिवसभराच्या गरजेइतके झाले.

मेण लावण्याचा, म्हणजे ज्याला बाजारात वॅक्स म्हणतात त्याचा, प्रश्न यापेक्षा सूक्ष्म आहे. भारतीय दर्शनांत संस्काराचे दोन प्रकार मानले जातात: दोषापनयन म्हणजे असलेला दोष दूर करणे, आणि गुणाधान म्हणजे नसलेला गुण आणून ठेवणे. धुणे हा पहिला प्रकार, मेण लावणे हा दुसरा. ब्राझीलमधील कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून मिळणारे मेण किंवा कृत्रिम बहुवारिक द्रव्य पातळ लावून, ते धुरकट दिसू लागल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसून काढले की रंगावर पाणी न धरणारा थर राहतो. पॉलिश करणे ही आणखी तिसरी गोष्ट आहे, कारण तीत रंगावरचा पारदर्शक लेप किंचित घासला जाऊन मूळचीच चकाकी प्रकट होते.

ब्रह्मसूत्रांच्या समन्वयाधिकरणावरील भाष्यात शंकराचार्यांनी हा घासण्याचाच दृष्टान्त पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी मांडलेले मत, म्हणून घेतला आहे. आरसा घासला असता त्याची झाकलेली चमक जशी उघड होते, तसा आत्म्याचा झाकलेला मोक्ष कर्माने उघड होईल, अशी शंका मांडून ते ती फेटाळतात. कारण क्रिया ज्याच्यावर घडते त्याच्यात बदल करते, आणि आत्मा तर क्रियेचा आश्रयच होऊ शकत नाही. मग स्नान, आचमन यांनी मनुष्य शुद्ध होतो असे जे दिसते त्याचे काय, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे आहे की तेथे शुद्ध होतो तो देहाशी एकरूप होऊन देहालाच मी म्हणणारा. हा विचार मोटारीपर्यंत आणणे म्हणजे त्याचा विपर्यास नव्हे. जो देहाला मी म्हणतो तो देहाबाहेरच्या वस्तूलाही सहज माझी म्हणतो आणि तिच्या चकाकीने स्वतः उजळल्यासारखे मानतो; मेणाचा थर पत्र्यावर असतो, आणि त्याचा अभिमान मात्र कर्त्यावर चढतो. यावरून मेण लावू नये असे सिद्ध होत नाही. रंग पावसाच्या आणि उन्हाच्या माऱ्यात टिकावा हे प्रयोजन दिसणारे आहे आणि रास्त आहे. सिद्ध होते ते इतकेच की मेण हा पूजेचा भाग नाही. वस्तुस्थितीही त्याला दुजोरा देते, कारण ताज्या मेणाच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढू गेल्यास कुंकू पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. सकाळी वेळ थोडा असेल तर मेणाचे काम पूजेनंतरच्या एखाद्या दिवसावर टाकणे सर्व दृष्टींनी योग्य ठरते.

वेळेच्या अपुरेपणाचा विचारही शास्त्राने केलेला आहे. मीमांसा नित्य आणि काम्य असे कर्मांचे भेद करते. नित्य कर्म न चुकता करावयाचे असते, म्हणून त्याची अंगे, म्हणजे गौण भाग, शक्तीनुसार कमी केली तरी चालतात, परंतु विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्व अंगांनी पूर्ण व्हावे लागते. पूजेतही सोळा उपचारांच्या जागी गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य एवढ्या पाचांची पंचोपचार पूजा मान्य आहे, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या पाचांत स्नान नाही. अपघात होऊ नये म्हणून वाहनाची पूजा करणारा तिला काम्य बनवतो आणि मग एखादे अंग राहून गेल्याची धाकधूक त्याला वर्षभर पुरते. ज्या साधनावर घर चालले त्याची वर्षातून एकदा कृतज्ञतेने दखल घेणारा ती नित्याच्या स्वरूपाची ठेवतो, आणि त्याची पूजा झेंडूची माळ, आपट्याचे पान आणि नारळ एवढ्यावर पूर्ण होते, गाडीच्या मडगार्डात थोडा चिखल राहिला असला तरीही. या दोहोंपैकी दुसरी भूमिका धर्माच्या अधिक जवळची आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून केली जाणारी खांदेमळणी याच भूमिकेतून आलेली आहे. जुवाने सोलवटलेल्या खांद्याला आराम मिळावा हे तिचे प्रयोजन होते, आणि बैलाला त्यातून खरोखर काही मिळत होते.

येथे एक गंभीर आक्षेप टाळता येत नाही. ज्या ग्रंथांतून लेप आणि गंधाचा नियम घेतला त्याच ग्रंथांनी माणसाच्या जन्मालाही अशुद्धी चिकटवली, आणि तिचे सर्वांत क्रूर रूप पाण्याच्या काठावर प्रकट झाले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, त्यानंतर सवर्णांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य होण्यास 1937 साल उजाडावे लागले. तळ्यात ना लेप होता ना गंध. म्हणजे स्मृतीनेच सांगितलेली, इंद्रियांना कळणारी कसोटी सोडून न दिसणारी अशुद्धी कल्पिली गेली आणि ती माणसांवर लादली गेली. म्हणून द्रव्यशुद्धीच्या प्रकरणातून आज काही घ्यायचे असेल तर ते दिसणाऱ्या मळापुरतेच घेता येईल. उरलेले टाकलेच पाहिजे, आणि ते टाकताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मनुस्मृतीच्या याच पाचव्या अध्यायात सर्व शौचांत अर्थशौच श्रेष्ठ असल्याचेही म्हटले आहे. अर्थशौच म्हणजे साधनसंपत्ती मिळवण्यातली शुद्धता; माती आणि पाण्याने शुद्ध झालेला नव्हे, तर अर्थाच्या बाबतीत शुद्ध असलेला मनुष्य खरा शुद्ध, असा त्याचा आशय आहे. शहापूर तालुक्यात ही कसोटी थेट पाण्यालाच लावावी लागते. तानसा धरण 1892 मध्ये मुंबईसाठी बांधले गेले, भातसा धरणातून आज मुंबईला सर्वाधिक पाणी जाते, मुरबाडच्या बाजूचे बारवी धरण औद्योगिक वसाहतींची आणि कल्याण-डोंबिवलीपासूनच्या शहरांची तहान भागवते. आणि या धरणांच्या परिसरातील कित्येक गावपाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, जेथे विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरण्याचे काम बहुधा बायकांच्या वाट्याला येते. दसऱ्याला विहिरी भरलेल्या असतात, त्यामुळे त्या दिवशीच्या दोन बादल्यांना कोणी दोष देणार नाही. परंतु नव्या गाड्या गुढीपाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेलाही घेतल्या जातात, टिटवाळ्याच्या गणपतीपुढे नेऊन पुजल्या जातात, आणि तो काळ नेमका टँकरचा असतो. धर्म देश आणि काळ पाहून ठरतो हे तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते: तेच दोन बादल्या पाणी आश्विनात निर्दोष आणि वैशाखात सदोष ठरू शकते, आणि वैशाखात ओल्या फडक्याने पुसून केलेले प्रोक्षण हेच पूर्ण शौच ठरते. गाडी काळू किंवा भातसा नदीच्या पात्रात उतरवून धुणे तर कोणत्याही ऋतूत समर्थनीय नाही. मळाने माखलेली वस्तू, रक्त किंवा विष पाण्यात टाकू नये असा निषेध स्मृतीतही आहे, आणि इंजिनाचे तेल त्या यादीत सहज बसते.

ज्याच्या अंगणात स्वतःची बोअरवेल आहे तो असे म्हणू शकेल की पाणी त्याच्या मालकीचे असल्यामुळे अर्थशौचाचा प्रश्न त्याला लागूच होत नाही. हे म्हणणे सह्याद्रीच्या पायथ्याच्या खडकावर टिकत नाही. या भागातला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, स्वतः पाणी फारसे धरत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात, आणि त्या भेगा कुंपणाच्या रेषा ओळखत नाहीत, त्यामुळे एका अंगणातल्या पंपाने उपसलेले पाणी काही अंतरावरच्या सार्वजनिक विहिरीचेही असू शकते. चोरी न करणे, म्हणजे अस्तेय, हा पतंजलींच्या योगसूत्रांतील यम आहे, आणि शौच हा त्यानंतर येणारा नियम. यम हे देश, काळ, जाती यांनी मर्यादित न होणारे महाव्रत मानले गेले आहेत, तसा दर्जा नियमांना दिलेला नाही. म्हणून शौचासाठी उपसलेले पाणी शेजारच्या विहिरीच्या वाट्यातून येत असेल तर शौचाची बाजू आपोआप दुय्यम ठरते, आणि बोअरवेलच्या मालकालाही बादल्या मोजाव्या लागतात.