जांभळी फुलकोबी आणि ‘जात’ हा शब्द

वाचकहो, फुलकोबी पांढरी का असते, हा प्रश्न आपल्या मनात कधी आला आहे काय? बाजारात आपण गड्डा उचलतो, उलटसुलट करून पाहतो आणि पिवळसर छटा दिसली की परत ठेवतो. पांढरा तो चांगला, हा निवाडा आपल्याला कोणी शिकवलेला नाही. तो आपल्या हाताच्या सवयीत आहे. परंतु ज्यांनी परसात फुलकोबी लावली आहे त्यांना ठाऊक असते की ही शुभ्रता नेहमीच आपोआप राहत नाही. गड्डा अंड्याएवढा झाला की बाहेरची मोठी पाने वर ओढून सुतळीने त्यावर बांधावी लागतात. ऊन लागले तर गड्डा पिवळा पडतो, कधी त्यावर जांभळट झाक येते. काही वाणांची पाने स्वतःच आत वळतात आणि माळ्याचे काम वाचते, एवढाच फरक. म्हणजे ज्याला आपण फुलकोबीचा स्वाभाविक रंग म्हणतो, तो पुष्कळ अंशी झाकून ठेवल्याचा परिणाम आहे. जांभळ्या व केशरी फुलकोबीला हे बांधणे लागत नाही. तिला मोकळ्या उन्हात वाढू द्यायचे असते.

या विषयावर लिहिण्याचे कारण सांगतो. कापणीच्या सणाला वेदीपुढे भाजीपाला मांडला जातो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, हे आपण सर्व जाणता. अशाच एका लिलावात एका भगिनीने आपल्या परसातील जांभळ्या फुलकोबीचा गड्डा आणला होता. भोपळ्यांवर, केळीच्या घडांवर बोली चढत गेली. या गड्ड्यापाशी येताच मंडळी थबकली. कोणी कुजबुजले की, आत रंग टोचला असावा. एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, ते मात्र मोठ्याने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, देवाने प्रत्येक वनस्पती तिच्या जातीप्रमाणे निर्माण केली. मनुष्याने त्यात ढवळाढवळ करावी आणि तीच ढवळाढवळ देवापुढे अर्पण म्हणून आणावी, हे बरे नव्हे. बोली झाली नाही. त्या भगिनीने गड्डा उचलून पिशवीत ठेवला.

रंग टोचल्याच्या शंकेचे निरसन सोपे आहे. जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. तेच द्रव्य जांभळ्या कोबीत आणि वांग्याच्या सालीत असते. ते पाण्यात विरघळते, म्हणून असा गड्डा भरपूर पाण्यात उकडला तर भाजी फिकी होते आणि पाणी रंगते. लिंबू पिळले तर तोच रंग तांबडा होतो. सिसिली बेटावर जांभळी फुलकोबी जुन्या काळापासून पिकत आली आहे. केशरी फुलकोबीची कथा अलीकडची आहे. 1970 साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, ब्रॅडफर्ड येथील पाणथळ जमिनीत, पांढऱ्या पिकात एक केशरी गड्डा उगवलेला आढळला. तो कोणी घडवला नव्हता. पुढे न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात पांढऱ्या वाणांशी त्याचा अनेक वर्षे संकर केला गेला. या रंगास कारण असलेले जनुक 2006 साली ओळखले गेले. आपल्या देशात दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने ‘पुसा केसरी व्हिटा-ए 1’ हा वाण 2015-16 मध्ये प्रसारित केला. त्यात किलोमागे 8 ते 10 मिलिग्राम बीटा-कॅरोटीन असते. (हा आकडा ऐकून कोणी गाजर सोडू नये. गाजरात ते याच्या कितीतरी पट असते, आणि शेवग्याचा पाला तर फुकट मिळतो.)

आणि जिला आपण ‘आपली नेहमीची’ फुलकोबी म्हणतो ती तरी कोठली? तिचे बी 1822 साली इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आले, अशी नोंद आहे. येथल्या उष्ण हवेत जी रोपे तगली त्यांचे बी आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, आणि त्यातून उन्हाळी हवा सोसणारी भारतीय फुलकोबी तयार झाली. कोबी, नवलकोल, ब्रोकोली आणि फुलकोबी या सर्व वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत. कोणी पानांसाठी निवड करीत गेले, कोणी खोडासाठी, कोणी कळ्यांसाठी. मनुष्याचा हात न लागलेली फुलकोबी या पृथ्वीवर कधी नव्हतीच.

आता त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या मुद्द्याकडे वळू. तो पवित्र शास्त्रावर आधारलेला आहे, म्हणून त्याला हसून चालणार नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘मीन’ हा इब्री शब्द दहा वेळा येतो, आणि आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात त्यासाठी ‘जात’ हा शब्द योजला आहे. परंतु तेथील वाक्यांची रचना पाहा. तेथे मनाई कोठेच नाही. भूमीने वनस्पती उपजवाव्या, वनस्पतींनी बीज द्यावे, पाण्यात जीवांचे थवे व्हावे, अशी ती वाक्ये आहेत. ‘मीन’ हा शब्द तेथे कुंपणासारखा येत नाही. निर्मितीचे वैपुल्य मोजताना तो येतो. एका प्रकारात किती छटा असाव्यात, याविषयी तो अध्याय काहीच बोलत नाही.

मनाई अन्यत्र आहे, हे मान्य केले पाहिजे. लेवीय 19 व अनुवाद 22 या अध्यायांत दोन प्रकारचे बी एकत्र पेरू नये, लोकर व ताग यांचे मिश्र वस्त्र घालू नये, असे नियम आहेत. या नियमांवरून मिश्रण म्हणजे विटाळ, असा अर्थ आपण सहज काढतो. मूळ भाषा मात्र आपल्याला तेथे थांबवते. अनुवादात द्राक्षमळ्यातील अशा मिश्र पिकाविषयी जे क्रियापद आहे ते ‘पवित्र होणे’ या अर्थाच्या धातूचे आहे. ते पीक रोजच्या वापरातून निघून पवित्रस्थानाकडे जाते. आणि निर्गमात महायाजकाचे एफोद पाहा: निळे, जांभळे व किरमिजी सूत आणि तलम ताग यांचे ते एकत्र विणकाम आहे, यहूदी परंपरा ते रंगीत सूत लोकरीचेच मानते. जे मिश्रण सामान्य इस्राएली मनुष्याने अंगावर घालू नये, तेच महायाजक देवापुढे घालून उभा राहतो. हे नियम घाणेरडेपणाचे नव्हेत. वेगळे राखून ठेवण्याचे आहेत. शिवाय पांढरी व केशरी फुलकोबी हे दोन प्रकार नव्हेतच; एकाच प्रकाराचे ते दोन रंग.

एवढे सांगून मला थांबता आले असते. परंतु वाचकहो, त्या दिवशी मला अस्वस्थ केले ते फुलकोबीने नव्हे, ‘जात’ या शब्दाने. आपल्या मंडळ्यांतील किती कुटुंबांच्या पूर्वजांना हा शब्द गावाबाहेर उभे करीत होता, ते आपण विसरलेलो नाही. शुभ्र ते शुद्ध, प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी राहावे, सरमिसळ झाली की बिघडले: ही विचारसरणी एका गड्ड्याच्या निमित्ताने आमच्या सभागृहात आली आणि कोणाला ती परकी वाटली नाही. ती वनस्पतीपाशी थांबत नाही. लग्न जुळवताना आपण अजूनही ‘ते मूळचे कोण?’ असे विचारतो ना? मुलीच्या रंगाची चौकशी करतो ना? भाजीविषयीचा निवाडा आणि माणसाविषयीचा निवाडा यांची भाषा एकच असेल, तर भाषांतरकाराला आपल्या शब्दाचा जाब देणे भाग आहे.

आणि येथे मूळ लेखनातील एक मौन फार महत्त्वाचे आहे. वनस्पतींविषयी, जलचरांविषयी, पाखरांविषयी, पशूंविषयी दहा वेळा येणारा ‘मीन’ हा शब्द मनुष्याच्या निर्मितीपाशी येताच नाहीसा होतो. मनुष्य कोणत्याही ‘मीन’प्रमाणे निर्माण केलेला नाही, तेथे देवाच्या प्रतिरूपाचा उल्लेख येतो. मराठी वाचकाला हे मौन ऐकू जावे असे मला वाटते, आणि ‘जात’ या शब्दाच्या गलबल्यात ते ऐकू जात नाही. ‘प्रकार’ म्हणावे तर शब्द कोरडा पडतो. शेतकरी आंब्याची जात, भाताची जात म्हणतो तेव्हा त्यात कोणाचा अपमान नसतो, हा प्रतिवादही वजनदार आहे. तरी माझा कौल ‘प्रकार’ या शब्दालाच आहे.

मग त्या वृद्धांच्या मनातील भीती सर्वस्वी खोटी होती काय? मला तसे वाटत नाही. हौसेला मर्यादा असावी, ही गोष्ट रोपच सांगते. केशरी गुण एकाच पालकाकडून आला तर गड्डा नेहमीच्या आकाराचा होतो. दोन्हीकडून आला तर रंग अधिक गडद, पण गड्डा लहान व खुरटा. म्हणून संकरित बी विकले जाते, आणि ते दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. ज्या शेतकऱ्यांनी दोनशे वर्षे बी राखून आपली फुलकोबी घडवली, त्यांच्या नातवंडांच्या हाती पाकीट उरते. ढवळाढवळीचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो रंगापाशी न विचारता येथे विचारावा: बी कोणाच्या हाती राहणार?

ज्यांच्याकडे थंड डोंगराळ हवा आहे आणि गड्डा न तोडता फुलोऱ्यावर सोडण्याइतका धीर आहे, त्यांनी अशा केशरी रोपाचे बी धरून पाहावे. जवळपास कोबी किंवा नवलकोल फुलावर असू नये, नाहीतर मधमाश्या सरमिसळ करतील. संकरातून आलेले ते बी पेरले तर वंशशास्त्राच्या हिशेबाने साधारणपणे चार रोपांत दोन केशरी, एक गडद व खुरटे आणि एक पांढरे निघेल. त्या पांढऱ्या गड्ड्यावर पाने बांधायची की नाही, ते आपण ठरवावे.