औषध सोसलं, पण कोणाला?

मुकं जनावर काही सांगत नाही. म्हणून पशुवैद्यकीय चाचणीत औषध सोसतंय की नाही, हे बाहेरून ताडावं लागतं. गाय चारा खाते का, रवंथ करते का, सुई टोचली तिथे गाठ आली का, रक्ततपासणीत यकृत-मूत्रपिंडाचे आकडे हलले का. नेहमीच्या मात्रेच्या तिप्पट, पाचपट देऊनही पाहतात. सगळं नीट निघालं की अहवालात ‘चांगलं सोसलं’ असा शेरा पडतो. हा शेरा खोटा नसतो. त्याची हद्द मात्र आपण विसरतो.

डायक्लोफेनॅकचंच घ्या. लंगडणारा बैल असो की कासदाह झालेली गाय, हे स्वस्त वेदनाशामक इंजेक्शन दिलं की लगेच आराम पडायचा. गुरांना ते सोसत होतं. नेमक्या त्याच काळात, १९९० च्या दशकात, गिधाडं पटापट मरू लागली. आधी संशय रोगावर होता. २००४ मध्ये संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांवरून खरं कारण दाखवलं. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेलं गुरू गिधाडाने खाल्लं, तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो. शंभरातल्या एकाहून कमी मृत गुरांत हे औषध असलं, तरी एवढा ऱ्हास व्हायला ते पुरेसं होतं. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

पुढची गोष्ट तर आणखी चक्रावणारी. अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेतही बाधलं नाही. म्हणजे चाचणी ‘गिधाडावर’ केली असती, पण चुकीच्या गिधाडावर, तरी शेरा तोच पडला असता! माणसांच्या औषधांतही हे घडतं. २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ हे औषध माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढंच दिलं होतं, तरी सहा निरोगी स्वयंसेवक अतिदक्षता विभागात पोचले.

प्रत्येक प्राण्यावर औषध तपासणं शक्य नाही, हे खरंच. पण मेलेलं गुरू गावाबाहेर टाकलं की त्यावर कोण उतरतं, हे आपल्याकडच्या गुराख्याच्या पोरालाही ठाऊक होतं. ही माहिती गुपित नव्हती. औषध मंजूर करणाऱ्यांना ती विचारात घ्यावीशी वाटली नाही, एवढंच.

मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाच्या बाबतीत ती विचारात घेतली गेली. ते आधी गिधाडांवर तपासलं आणि मग गुरांसाठी पर्याय म्हणून पुढे आणलं. डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. ॲसिक्लोफेनॅक हे आणखी एक वेदनाशामक; गुरांच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. त्यावर आणि किटोप्रोफेन या तशाच वेदनाशामकावर बंदी यायला २०२३ उजाडलं. प्रत्येक वेळी आधी औषध, मग बंदी. हा क्रम उलटा हवा. गुरांसाठीचं नवं वेदनाशामक गिधाडांना सोसतं, हे विक्रीआधी सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावरच टाकली पाहिजे.