विलंबाने आलेला न्याय

चांगल्या कष्टांचे फळ मनुष्यास मिळतेच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ते मिळण्यास उशीर लागला तर धीर धरावा, असेही वडीलधारी माणसे सांगतात. परंतु ज्याच्या हक्काचे फळ दुसऱ्याच्याच ओंजळीत पडले, आणि ते आपले होते हे देखील ज्यास कित्येक वर्षे सिद्ध करून मिळाले नाही, अशा माणसाविषयी काय म्हणावे? पंधरा वर्षांनी ते त्याच्या नावावर चढविले, तर न्याय झाला असे म्हणता येईल काय? हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हे. मार्टिन फुर्काद ह्या फ्रेंच खेळाडूच्या आयुष्यात तो प्रत्यक्ष उभा राहिला आहे, आणि म्हणूनच तो आपल्यापुढे मांडावासा वाटतो.

फुर्काद ज्या खेळात निष्णात झाला, त्यास बायथलॉन म्हणतात. हा बर्फाळ प्रदेशातील खेळ आहे. पायांना स्की नावाच्या लांब, अरुंद पट्ट्या बांधावयाच्या, दोन्ही हातांतील काठ्यांच्या रेट्याने बर्फावरून चढउतार कापीत धावावयाचे, आणि मधूनमधून थांबून पाठीवरची बंदूक काढून नेम मारावयाचा, असे त्याचे स्वरूप. बंदुकीचे वजन निदान साडेतीन किलो असते. लक्ष्य पन्नास मीटरांवर असते. पालथे पडून टिपावयाचे लक्ष्य ४५ मिलिमीटर व्यासाचे, आणि उभ्याने टिपावयाचे ११५ मिलिमीटरांचे. सर्वांनी एकदम निघण्याच्या १५ किलोमीटरांच्या शर्यतीत तीस खेळाडू असतात व प्रत्येकास चार वेळा थांबून एकूण वीस गोळ्या झाडाव्या लागतात. एक गोळी चुकली की १५० मीटरांचा फेरा जादा धावावयाचा, ही तिची शिक्षा.

धावून धावून छाती लोहाराच्या भात्याप्रमाणे हलत असता, त्याच क्षणी हात दगडासारखा स्थिर ठेवावयाचा, ही ह्या खेळाची कसोटी होय. ज्याचे पाय मंद तो मागे पडतो, आणि ज्याचे मन उतावीळ तोही मागे पडतो. शिवाय चुकीची शिक्षा येथे तत्काळ मिळते. ती पुढच्या दिवसावर टाकता येत नाही. अशा चोख हिशेबाच्या खेळात सर्वांत मोठा हिशेब मात्र पंधरा वर्षे चुकलेला राहावा, हे विलक्षण नव्हे काय?

फुर्कादचा जन्म १४ सप्टेंबर १९८८ रोजी दक्षिण फ्रान्समधील सेरे ह्या गावी झाला. पिरेनीज पर्वताच्या परिसरात तो वाढला. त्याचा वडील बंधू सिमॉन हाही ह्याच खेळातला, आणि धाकट्याच्या आधी नावारूपास आलेला. २१ फेब्रुवारी २०१० रोजी कॅनडातील व्हिस्लर येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वांनी एकदम निघण्याची शर्यत झाली. एकवीस वर्षांचा मार्टिन तीत दुसरा आला. रशियाचा एव्हगेनी उस्त्युगोव्ह त्याच्या पुढे सुमारे दहा सेकंदांनी पोहोचला होता. स्लोव्हाकियाचा पावोल हुराय्त तिसरा आला, आणि ऑस्ट्रियाचा क्रिस्टोफ सूमान चौथा. पदके वाटली गेली, रशियाचे राष्ट्रगीत वाजले, आणि तो दिवस संपला.

पुढील दहा वर्षांत फुर्कादने जे केले, ते ह्या खेळाच्या इतिहासात कोरले गेले आहे. २०१२ पासून २०१८ पर्यंत सलग सात वर्षे जागतिक चषकाचे सर्वसाधारण अजिंक्यपद त्याच्याकडे राहिले. २०१४ मध्ये रशियातील सोची येथे त्याने दोन सुवर्णपदके मिळविली. परंतु त्याच ठिकाणी, १८ फेब्रुवारी रोजी, धुक्यामुळे दोनदा पुढे ढकललेल्या शर्यतीत नॉर्वेचा एमिल हेग्ले स्वेन्सन व तो एकाच क्षणी रेषेवर आले. छायाचित्र तपासावे लागले, आणि निकाल फुर्कादच्या विरुद्ध गेला. बरोबर चार वर्षांनी, १८ फेब्रुवारी २०१८ रोजी, दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे त्याच प्रकारच्या शर्यतीत पुन्हा तोच प्रसंग आला. ह्या वेळी सोबतीस जर्मनीचा सिमॉन शेम्प होता. आपण हरलो असे वाटून फुर्कादने काठी बर्फावर आपटली. छायाचित्राने सांगितले की पाऊलभराच्या अंतराने तो जिंकला आहे! त्याच प्योंगचांगमध्ये दुसऱ्या एका शर्यतीत अठरा गोळ्या अचूक मारून शेवटच्या दोन त्याने चुकविल्या आणि तो पाचवा आला. जय व पराजय ह्यांमधील भिंत किती पातळ असते, हे त्याच्याइतके कोणी पाहिले असेल?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २०१० ते २०१४ ह्या काळातील उस्त्युगोव्हच्या रक्तनमुन्यांच्या नोंदी पुढे तज्ज्ञांनी एकत्र मांडून पाहिल्या. वर्षानुवर्षांच्या आकड्यांतील चढउतार नैसर्गिक नाहीत, असा निष्कर्ष निघाला. आपल्या रक्ताची घडणच जन्मतः तशी आहे, असा उस्त्युगोव्हचा बचाव होता. २०२० मध्ये निर्णय त्याच्या विरुद्ध लागला. त्यावर त्याने अपील केले, व मे २०२५ मध्ये लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने ते फेटाळले. व्हिस्लरच्या शर्यतीतील पहिला क्रमांक त्यामुळे फुर्कादचा ठरला. तोवर त्याने खेळ सोडूनही पाच वर्षे लोटली होती.

कोणी म्हणेल, हा कसला न्याय? विजयाचा आनंद हा त्या क्षणाचाच असतो. त्या सायंकाळचे राष्ट्रगीत, आईबापांचे डोळे, एकवीस वर्षांच्या तरुणाचा उल्हास, ह्यांतले काही कोणते न्यायालय परत देऊ शकेल? हे म्हणणे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा कोणी म्हणेल, ज्याच्याकडे पाच सुवर्णपदके होतीच, त्यास सहाव्याचे काय अगत्य? ह्या दुसऱ्या म्हणण्यात मात्र मोठी चूक आहे. कारण त्या शर्यतीत एकटा फुर्काद नव्हता. चौथा आलेला सूमान त्या दिवशी पदकमंचाच्या खाली उभा राहिला. त्याची जागा वर आहे, हे कागदावर येण्यास पंधरा वर्षे लागली. थोरांस झालेला अन्याय जगास दिसतो. त्याच अन्यायाखाली दडपलेला चौथा माणूस कोणाच्या दृष्टीस पडत नाही. न्याय उशिरा का होईना व्हावा लागतो, तो बक्षीस देण्यासाठी नव्हे, तर जे घडले ते खरे लिहिले जावे म्हणून. खोटी नोंद तशीच राहिली, तर पुढच्या पिढीतील मुलगा तीच वाचून लबाडीचा मार्ग शिकेल.

ह्या कथेतून आणखी एक मोहक पण फसवा निष्कर्ष निघू शकतो. दुसरा क्रमांक मिळाला म्हणूनच फुर्काद अधिक झटला आणि मोठा झाला. तेव्हा झाले ते बरेच झाले, असा तो निष्कर्ष. अशी समजूत आपण घरोघर घालीत असतो. परंतु अन्यायातून एखादा सावरला, हे श्रेय सावरणाऱ्याचे आहे, अन्यायाचे नव्हे. घाव सोसून जो उभा राहिला त्याचे कौतुक करताना घाव घालणाऱ्याचे आभार मानू लागलो, तर तो विवेक नव्हे. आणि जे सावरू शकले नाहीत, त्यांची गणती कोणी ठेवली आहे?

फुर्काद स्वतः मुकाट सोसणाऱ्यांपैकी नव्हता. उत्तेजक द्रव्यांविरुद्ध तो उघड बोलत असे. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातील हॉखफिल्त्सेन येथील जागतिक स्पर्धेत, बंदीची मुदत भोगून परतलेला एक खेळाडू ज्या संघात होता, त्या संघाच्या शेजारी उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा तो पदकमंचावरून उतरून निघून गेला. शिक्षा भोगून आलेल्यास पुन्हा अव्हेरावे काय, ह्याविषयी विचारवंतांत मतभेद होतील; मलाही ती रीत सर्वस्वी पटत नाही. तथापि त्याचा संताप केवळ स्वतःच्या पदकासाठी होता असे म्हणवत नाही, कारण व्हिस्लरचा निकाल तेव्हा बदललेला नव्हता.

फुर्कादने १४ मार्च २०२० रोजी फिनलंडमधील कोंटिओलाहटी येथे आपली अखेरची शर्यत धावली व ती जिंकली. तरीही त्या वर्षीचे सर्वसाधारण अजिंक्यपद नॉर्वेच्या योहानेस बो ह्याने अवघ्या दोन गुणांनी मिळविले. ह्या दोन गुणांबद्दल तक्रारीस जागा नव्हती, कारण तो पराजय सरळ होता. सरळ हार व लुबाडलेला विजय ह्यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पहिली माणसास फक्त दुःख देते. दुसरा त्याच्या श्रमांवरील विश्वासच हिरावू पाहतो.

आपल्या घरांतूनही असे प्रसंग येतात. कोणाची बढती वशिल्याने दुसऱ्यास जाते. कोणाच्या जमिनीचा निकाल बापाच्या पश्चात मुलाच्या हाती येतो. अशा वेळी ज्यावर अन्याय झाला त्याने आपले काम सोडू नये, हे फुर्कादच्या आयुष्यावरून दिसते. पण अर्धे कर्तव्य आपणा पाहणाऱ्यांचे आहे. ‘आता इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता?’ असे आपण सहज म्हणून जातो. ते म्हणण्यापूर्वी, मंचाच्या खाली उभ्या राहिलेल्या त्या चौथ्या माणसाचे एकदा स्मरण करावे, एवढीच वाचकांस नम्र विनंती आहे.