न जन्मलेल्या शिंगराचे काय?



तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजणारे नाथमहाराज आपल्याला ठाऊक आहेत. तिथे दयेचा विषय स्पष्ट होता. समोर तळमळणारा जीव, हातात पाणी. पण दया करायची म्हणजे एखाद्या जीवाला जन्मालाच येऊ द्यायचे नाही, असा प्रसंग आला तर तुम्ही काय म्हणाल?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला असाटीग नावाचे एक लांबट, अरुंद बेट आहे. त्याच्या मेरीलँडकडच्या भागात मोकाट घोडे राहतात. त्यांची शिकार करणारे जनावर तिथे नाही. कळप वाढला की खाजणातले आणि वाळूच्या टेकड्यांवरचे गवत कमी होते. गवत गेले की वाळू सुटते, आणि गवताच्या आसऱ्याने राहणारे दुसरे जीवही उघडे पडतात.

1988 साली जे किर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेटावरच्या 26 माद्यांना एक लस दिली. डुकरिणीच्या स्त्रीबीजाभोवती जे आवरण असते, त्यातली प्रथिने या लसीत असतात. घोडीचे शरीर त्यांना परके समजून प्रतिपिंडे तयार करते. ती प्रतिपिंडे तिच्या स्वतःच्या स्त्रीबीजाच्या आवरणालाही चिकटतात. मग शुक्राणूला तिथे शिरकाव मिळत नाही. म्हणजे गर्भ पाडला जात नाही, तो राहतच नाही. आधीच गाभण असलेल्या घोडीचे शिंगरूही सुखरूप जन्मते. जनावर पकडावे लागत नाही, लांबून डार्ट मारला की झाले. मात्र लसीचा जोर ओसरतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. 1994 पासून अनेक वर्षे तिथला कळप याच रीतीने आवरला गेला.

दुसरी वाट कोणती होती, तेही पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यात 1967 ते 1994 या काळात हत्तींची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी 14,000 हून अधिक हत्ती मारले गेले. 1996 मध्ये तिथेही हत्तिणींवर हीच लस वापरून पाहिली गेली. बंदूक आणि लस शेजारी ठेवली, तर आपले मन कुठे झुकेल हे सांगायला नको.

तरीही इतक्या लवकर हात जोडू नका. तीन शंका उरतात.

पहिली शंका अशी की, जन्म नाकारणे ही हिंसा नव्हे काय? मला वाटते, जो अजून झालाच नाही त्याच्यावर अन्याय होत नाही. अन्याय होऊ शकतो तो आईवर. पण असाटीगवर असे दिसले की वर्षानुवर्षे लस घेतलेल्या माद्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त जगल्या. दरवर्षी पोटात एक आणि पाठीशी एक, हे ओझे त्यांच्यावरून उतरले. शिवाय तिथे प्रत्येक मादीला एकदा तरी आई होऊ द्यावे, असे धोरण ठेवले होते. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते.

दुसरी शंका म्हणजे, हे ठरवणारे आपण कोण? प्रश्न खरा आहे. पण घोडे बेटावर आणले माणसांनी, हत्तींच्या वाटांवर कुंपणे घातली माणसांनी. ज्याने दार बंद केले, त्याला आता ‘मी तटस्थ आहे’ म्हणता येत नाही. हात न लावणे हीसुद्धा एक करणीच ठरते, आणि तिचे फळ उपाशी जनावराच्या वाट्याला येते.

तिसरी शंका मला सर्वांत जड वाटते. ही लस बनते कत्तलखान्यातून आलेल्या डुकरिणींच्या अंडाशयांपासून. घोडीवरच्या दयेखाली डुकरिणीचे मरण दडलेले आहे. ती त्या लसीसाठी मारली गेली नाही, मांसासाठी मारली गेली, हे म्हणणे खरे आहे. पण त्याने मन स्वस्थ होत नाही, आणि होऊही नये. आपल्या दयेची किंमत दुसरा कोणी जीव भरतो आहे का, हे पाहिल्यावाचून दया पुरी होत नाही.

म्हणून माझे मत इतकेच: मारण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच बरा. पण तो निर्दोष मानू नये. जागा खरोखर अपुरी असेल, त्या जनावराचेही त्यात हित असेल, आणि केलेले परत फिरवता येत असेल, तरच तो घ्यावा. नुसत्या आपल्या सोयीसाठी घेतला, तर ती दया नव्हे.

माउली, आपल्या गावातही कुत्र्यांची नसबंदी होते, तीही शस्त्रक्रियेने. पुढच्या वेळी कान कापलेले कुत्रे दारात आले, तर स्वतःला एवढेच विचारा: आपण त्याची पिल्ले थांबवली, मग आज त्याला भाकरीचा तुकडा टाकला का?