मेलेल्यांचे सातबारे, जिवंतांची चालढकल

राज्य सरकारने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. आधी बुलढाणा जिल्ह्यात करून पाहिली, मग १ एप्रिलपासून राज्यभर. काम एवढंच, की सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांची नावं काढून तिथे वारसांची लावायची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार वारसाने हे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. तोंडी कळवलं तरी चालतं. तरीही आजोबा जाऊन दोन पिढ्या उलटल्या आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर, अशी घरं गावोगाव आहेत. सरकारी दिरंगाईला आपण उठता-बसता नावं ठेवतो. इथे आपल्याच दिरंगाईपायी सरकारला मोहीम काढावी लागली.

ही माणसं आळशी आहेत म्हणावं, तर रात्रीची वीज आली की काकडत्या थंडीत पाणी धरायला हीच जातात. म्हणजे कष्टाला कुणी भीत नाही. जे नकोसं वाटतं ते पुढे ढकललं जातं. वारस नोंद म्हटली की भावाशी विषय काढावा लागतो, बहिणींची नावं येतात, आईसमोर वडिलांचा मृत्यू दाखला ठेवावा लागतो. मृत्युपत्राचं नाव काढलं तर ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून गप्प बसवतात. खरं तर साध्या कागदावर लिहून सही केली आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की मृत्युपत्र होतं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण एवढंसं करायलाही ‘बघू की, घाई काय आहे?’

चालढकल हा ज्याचा त्याचा खाजगी दोष, असं समजून आपण तिला हसण्यावारी नेतो. मला हे मान्य नाही. ढकलणारा एक असतो आणि भोगणारं भलतंच कुणी. नवऱ्यामागे शेत कसणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्जाला बँक उभं करत नाही, अतिवृष्टीची भरपाई अडकते. बँकेतल्या ठेवीची घरात कुणाला कल्पनाच नसेल, तर दहा वर्षांनी ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथून परत मागता येते; पण ठेव होती हेच ठाऊक नाही, तर मागणार कोण? मुलींचं तर विचारूच नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांना मुलाइतकाच हक्क दिला. तो कुणी उघड नाकारत नाही, फक्त ‘नंतर लावू तुझं नाव’ म्हणतात. हा सभ्य भाषेतला नकार आहे, आणि तो देणाऱ्याला आपण काही अन्याय केला असं वाटतही नाही.

‘करायचंय हो, पण मनच घेत नाही,’ असं म्हणणाऱ्यांसाठी हल्ली प्रेरणेचा मोठा बाजार भरलेला आहे. सकाळी सुविचार, दुपारी वक्त्याची चित्रफीत, रात्री नवा संकल्प! ते ऐकून काम झाल्यासारखं वाटतं आणि कागद होते तिथेच राहतात. उमेदीची वाट पाहत बसणाऱ्याला ती सहसा भेटत नाही. हात घातला की काम वाटलं होतं त्याहून लहान निघतं आणि मग मन आपसूक मागून येतं. म्हणून पहिल्या दिवशी नुसती पेटी उघडून कागद शोधावेत. दुसऱ्या दिवशी गट नंबर आणि खात्यांचे नंबर एका वहीत उतरवावेत. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही भरता येतो. आणि तारीख मनात ठेवू नये, चारचौघांत बोलून टाकावी. बोललेली तारीख मोडताना जीभ अडखळते.

कार्यालयात खेटे घालायला लावतात, हे खरंच आहे. त्याबद्दल जरूर भांडावं. पण अर्जच न करता खेट्यांची तक्रार करणारेही मी कमी पाहिलेले नाहीत.

तेव्हा या आठवड्यात घरातले कागद काढा. गेलेल्या माणसाचं नाव कुठे कुठे आहे ते पाहा, आणि अर्ज भरण्याआधी बहिणीला फोन करा.